खेळायला कारण लागत नाही

(स्त्री-कार्यकर्त्यांच्या एका शिबिरात केलेलं भाषण, थोड्या फेरफारांसह)



संयोजकांनी मला विषय दिला आहे तो असा : 'मुलींचा आणि तरुण स्त्रियांचा गावातल्या, वस्तीतल्या खेळांत सहभाग कसा वाढवता येईल?' सुरुवातीलाच सांगते, मी खेळाडू नाही. शाळेत पी.टी.च्या तासाला 'पोट दुखतंय' म्हणून वर्गात बसून राहणाऱ्या मुलींपैकी मी एक. पुढे समाजकार्यात एम.ए.च्या बरोबरीचं शिक्षण घेतलं. आरोग्य, कायदा, बचत गट, समुपदेशन हे सगळं शिकले. पण खेळ हा आपल्या कामाचा भाग असू शकतो, हे त्या दोन वर्षांत कुणी सांगितलं नाही आणि मलाही ते विचारावंसं वाटलं नाही. त्यामुळे आज जे सांगणार आहे ते पुस्तकातलं कमी आणि सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्यात मुलींच्या कबड्डीच्या निमित्ताने जे शिकले ते जास्त. त्यात माझी एक चूकही आहे. तीही सांगणार आहे.

आधी एक प्रश्न विचारते. आपण इथे पन्नास-साठजणी आहोत. तुम्ही शेवटचं खेळलात कधी? मुलाला खेळवलंत ते नव्हे, एस.टी. पकडायला धावलात तेही नव्हे. स्वतःच्या आनंदासाठी घाम येईपर्यंत कधी खेळलात? ... बऱ्याचजणी हसताहेत. एक ताई म्हणताहेत, 'सातवीत.' दुसऱ्या म्हणताहेत, 'लग्नाआधी, पंचमीला.' ही दोन्ही उत्तरं लक्षात ठेवू या. त्यांच्याकडे मी परत येणार आहे.

आम्ही २०१७ साली सुरुवात केली. किशोरी गटाच्या बैठकीत आम्ही मुलींना एक साधं काम दिलं होतं. कागदावर घड्याळ काढायचं आणि आपला दिवस त्यात भरायचा. शेजारी दुसरं घड्याळ काढून भावाचा दिवस भरायचा. मुलींच्या घड्याळात पहाटेचं पाणी होतं, झाडलोट, भाकरी, शाळा, धुणं, धाकट्या भावंडांचं करणं, पुन्हा भाकरी, अभ्यास. भावाच्या घड्याळात संध्याकाळी पाच ते सात या जागी जवळपास प्रत्येकीने एकच शब्द लिहिला होता : 'ग्राऊंड'. कुणी सांगितलं नव्हतं, तरी सगळ्यांनी तोच लिहिला. एक मुलगी म्हणाली, 'ताई, आमच्याकडे ग्राऊंडला जायची वेळ म्हणजे चूल पेटवायची वेळ.'

श्रमविभागणीवर आपण केवढे लेख लिहितो! त्या मुलीने ती एका वाक्यात सांगितली.

मग आम्ही ठरवलं की मुलींचा खेळ सुरू करायचा. कबड्डी निवडली, कारण तिला जवळजवळ काही लागत नाही. मुलींचं मैदान बारा मीटर लांब आणि आठ मीटर रुंद. फक्की मारली की झालं. बॅट नको, जाळं नको, बूटही नसले तरी सुरुवात होते. आणि हा खेळ गावाला परका नाही. त्यामुळे 'हे शहरातलं फॅड आमच्या पोरींना नको' असं कुणी म्हणू शकलं नाही.

कबड्डीचं आणखी एक आहे, ते मला नंतर उमगलं. चढाई करणाऱ्या मुलीला 'कबड्डी, कबड्डी' असा दम मोठ्याने, पंचाला स्पष्ट ऐकू येईल असा घ्यावा लागतो. दम तुटला की ती बाद. पहिल्या आठवड्यात आमच्या मुलींचे दम ऐकूच येईनात. चढाईला जात होत्या, पाय चपळ होते, पण आवाज ओठांतच. 'मोठ्याने बोलू नकोस' हे ज्यांनी जन्मापासून ऐकलं, त्यांना मैदानात मोठ्याने ओरडायला सांगणं हे किती अवघड आहे, ते तेव्हा कळलं. सव्वा महिना लागला. पण एकदा आवाज फुटल्यावर तो मैदानापुरता राहिला नाही. शाळेतल्या बाई मला म्हणाल्या, 'तुमच्या मुली वर्गात फार प्रश्न विचारायला लागल्यात.' तक्रार होती की कौतुक, मी विचारलं नाही.

आता माझी चूक.

पालकांना तयार करायला आम्ही घरोघर गेलो. आई-वडील विचारायचे, 'खेळून काय मिळणार?' हा प्रश्न चुकीचा आहे असं म्हणायचं धैर्य माझ्यात नव्हतं. मी उत्तर द्यायला लागले. म्हणाले, महाराष्ट्रात सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. पोलीस, रेल्वे, बँका खेळाडू घेतात. आपल्याच जिल्ह्यातल्या माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर बघा, २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याच्या कविता राऊतने २०१० साली राष्ट्रकुल स्पर्धेत पदक आणलं. २०१२ साली पाटण्याला महिला कबड्डीचा विश्वचषक भारताने जिंकला, त्या संघात महाराष्ट्राच्या तीन मुली होत्या. हे सगळं खरं होतं. ऐकून वडील माणसं मान डोलवायची. बत्तीस मुली आल्या. मला वाटलं, जिंकले.

दोन वर्षांनी, २०१९ मध्ये, जिल्ह्याच्या संघासाठी निवड चाचणी झाली. आमच्या मुलींपैकी एकीची निवड झाली. बाकीच्यांची नाही. आणि पुढच्या दोन महिन्यांत मैदानावर बत्तीसपैकी अकरा मुली उरल्या.

घरच्यांचं चुकलं नव्हतं. मीच त्यांना सांगितलं होतं की खेळलं की नोकरी मिळते. नोकरी मिळणार नाही असं दिसल्यावर त्यांनी हिशोब केला आणि मुलगी परत चुलीपाशी नेली. खेळ मी फायद्याचा सौदा म्हणून विकला होता. सौदा फसला, तेव्हा गिऱ्हाईक गेलं.

मुलग्यांच्या बाबतीत असं होतं का हो? गावात शंभर मुलं रोज क्रिकेट खेळतात. त्यांतला एकही भारताच्या संघात जाणार नाही, हे त्यांच्या आयांना, बापांना, गावाला, सगळ्यांना माहीत आहे. तरी कुणी त्यांना 'खेळून काय मिळणार?' असं विचारत नाही. पोरं आहेत, खेळणारच, असं म्हणतात. मुलीला मात्र खेळायला कारण लागतं. पदक, नोकरी, आरोग्य, नाहीतर 'स्वसंरक्षण'. म्हणजे नुसतं खेळण्याचा, मोकळ्या वेळेचा, उगाच हसण्या-ओरडण्याचा हक्क मुलग्याला जन्माने मिळतो आणि मुलीला तो कमवावा लागतो. आणि आपण कार्यकर्त्याही, नकळत, तोच कमवायला लावतो.

त्या गळालेल्या मुलींत आमची डावा कोपरा होती. तिचं नाव सांगत नाही, मैदानावर ती जिथे उभी राहायची तेच नाव वापरते. काटक, कमी बोलणारी, पण चढाई करणारीचा घोटा एकदा हातात आला की सुटायचा नाही. चाचणीत ती मागे पडली. तेव्हा ती सोळा वर्षांची होती. नंतर ती मैदानावर येत नव्हती, पण शाळेत येत होती. मग चार दिवस शाळेतही दिसली नाही. उरलेल्या अकराजणींपैकी दोघी संध्याकाळी माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, 'ताई, तिच्याकडे मांडवाचं सामान आलंय.'

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे, तुम्ही सगळ्यांनी ते केलेलं आहे. २००६ च्या कायद्याप्रमाणे ग्रामसेवक हे गावातले बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात. त्यांना घेऊन गेलो, पोलीस पाटील आले, आई-वडिलांनी अठरा पूर्ण होईपर्यंत लग्न करणार नाही असं लिहून दिलं. लग्न थांबलं. ते कुणामुळे थांबलं? माझ्यामुळे नाही. एक मुलगी दिसत नाही हे ज्यांच्या लक्षात आलं त्या मुलींमुळे थांबलं. सातजणींच्या संघात एक कमी असली की जागा रिकामी दिसते. एकेकट्या घरात राहणाऱ्या मुलींपैकी एक नाहीशी झाली तर कुणाला कळतं? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, महाराष्ट्रातल्या वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी जवळजवळ बावीस टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. त्यांच्या जागा रिकाम्या झालेल्या कुणाला दिसल्या नाहीत.

पण ही गोष्ट इथे गोड होत नाही. तिच्या घरचे आमच्यावर रागावले. तिला मैदानाकडे फिरकू दिलं नाही. मग २०२० साल आलं, टाळेबंदी आली, मैदानच बंद झालं. २०२१ मध्ये तिला अठरा पूर्ण झाली आणि त्याच महिन्यात तिचं लग्न झालं. कायद्याने आमचं काही म्हणणं उरलं नव्हतं.

टाळेबंदीनंतर आम्ही पुन्हा सुरुवात केली ती वेगळ्या तऱ्हेने. काय केलं ते थोडक्यात सांगते. यातलं तुमच्या गावाला, वस्तीला लागू पडेल ते घ्या.

एक. कारण सांगणं बंद केलं. 'काय मिळणार?' असं विचारलं की आम्ही म्हणतो, 'तुमच्या मुलाला जे मिळतं तेच.' काहीजण चिडतात. बरेचसे गप्प होतात आणि विचार करतात. चांगलं खेळणाऱ्या मुलींना पुढे पाठवतोच, पण संघात यायला चांगलं खेळावं लागत नाही.

दोन. मैदान मागितलं, आणि ते कागदावर मागितलं. शाळेचं मैदान सुटीनंतर गावाचं म्हणतात, पण गावाचं म्हणजे मुलग्यांचं. आपल्या राज्यात ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यायची असते. ती आमच्याकडे सह्यांपुरती व्हायची. तिच्यात आम्ही ठराव मांडला : सोमवार, बुधवार, शुक्रवार संध्याकाळी पाच ते साडेसहा मैदान मुलींचं. ग्रामसभेत वाद झाला. पण महिला सभेचा ठराव आहे म्हटल्यावर तो बाजूला सारता आला नाही. ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नातले दहा टक्के महिला आणि बालकल्याणावर खर्च करायचे असतात. त्यातून मैदानाच्या कोपऱ्यात एक दिवा लागला. स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागांवर स्त्रिया आहेत. त्यांना शिवणयंत्रांखेरीज दुसरं काही मागायला आपणच शिकवलं पाहिजे.

हे शहरातही होतं. मुंब्र्याला 'परचम' या गटाच्या मुलींनी फुटबॉल सुरू केला आणि सह्या गोळा करून मुलींसाठी मैदानाची मागणी लावून धरली. हिंदू-मुस्लिम मुली एका संघात खेळल्या. डोक्यावर रुमाल बांधून खेळायचं तर खेळा, पण खेळा, हे तिथून आम्ही घेतलं. आंतरराष्ट्रीय फुटबॉल महासंघानेही २०१४ साली डोकं झाकून खेळायला मान्यता दिली, मग आपण कशाला अडून बसायचं? आमच्या मुली सुरुवातीला पंजाबी ड्रेसवर ओढणी कमरेला घट्ट बांधून खेळल्या. पुढे ट्रॅकपँट आली ती त्यांनीच आणली.

तीन. मुलगे कुंपणावर बसून शिट्ट्या मारायचे. आम्ही भांडलो नाही. बचत गटाच्या बायकांना विनंती केली की तुमची बैठक देवळात घेता ती मैदानावर घ्या. बुधवारी वीस-बावीस बाया सतरंजी टाकून हप्ते मोजत बसायला लागल्या. त्यांच्यात शिट्टी मारणाऱ्यांच्या आया होत्या, चुलत्या होत्या. दुसऱ्या आठवड्यापासून कुंपण रिकामं झालं. घरात जिला धाकट्या भावंडाला सांभाळावं लागतं ती त्याला घेऊनच यायची. सतरंजीवरच्या बाया त्याला बघायच्या.

चार. संडासाची किल्ली. तुम्ही हसाल, पण सर्वांत मोठा अडथळा हा होता. शाळा सुटली की शिपाई संडासाला कुलूप लावून जायचा. म्हणून मुली दुपारपासून पाणीच प्यायच्या नाहीत आणि मैदानावर चक्कर येऊन बसायच्या. पाळीच्या दिवसांत यायच्याच नाहीत. आम्ही महिनाभर 'मुलींमध्ये चिकाटी नाही' असं म्हणत होतो! मुख्याध्यापकांशी बोलून एक किल्ली बचत गटाच्या अध्यक्षांकडे ठेवली. हजेरी वाढली.

पाळीत खेळलं तर गर्भाशय सरकतं, पुढे मूल होत नाही, अशी भीती आयांना असते. ती त्यांची एकट्यांची नाही. १९२८ साली अॅमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये बायका आठशे मीटर धावल्या, त्यांतल्या काही दमून खाली बसल्या असा गवगवा झाला आणि पुढची बत्तीस वर्षं, १९६० पर्यंत, ती शर्यत बायकांसाठी बंद ठेवली. शेवटी दमतात म्हणून पुरुषांची शर्यत कुणी बंद केल्याचं ऐकलंय का? आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरबाईंना आम्ही मैदानावर बोलावलं. त्यांनी आयांना सांगितलं की खेळाने गर्भाशयाला काही होत नाही. होतं ते अंगात रक्त कमी असल्याने. राज्यातल्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी आहे. म्हणून खेळानंतर मूठभर शेंगदाणे-गूळ, आणि शाळेत दर आठवड्याला मिळणारी लोहाची गोळी टाकून द्यायची नाही, हा नियम मुलींनीच केला.

पाच. सुरक्षितता. खेळ शिकवायला बहुतेक ठिकाणी पुरुषच मिळतात. चांगले असतात, तरी नियम हवेत. २०२३ साली देशासाठी पदकं आणणाऱ्या कुस्तीगीर मुलींना दिल्लीत रस्त्यावर बसावं लागलं, हे आपण पाहिलं. त्यांची ही अवस्था, तर आपल्या तालुक्यातल्या मुलीने कुणाकडे जायचं? कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात कामाच्या ठिकाणाच्या व्याख्येत क्रीडासंस्था, क्रीडासंकुल आणि स्पर्धेची जागाही येते. समिती नसेल तिथे जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. मुलगी अठराच्या आतली असेल तर २०१२ चा पोक्सो कायदा आहे, आणि कळल्यावर गप्प बसणं हाही त्यात गुन्हा आहे. आमचे नियम तीन : प्रशिक्षकाबरोबर मैदानावर कायम एक बाई. बाहेरगावी स्पर्धेला गेलं तर मुक्कामात दोन बाया. आणि 'पकड अशीच शिकवावी लागते' असं सांगून कुणी अंगाला हात लावला आणि तो नकोसा वाटला, तर खेळ थांबवून तिथल्या तिथे सांगायचं. खेळ थांबवल्याबद्दल कुणी रागवायचं नाही.

आता ती दोन उत्तरं. 'सातवीत' आणि 'पंचमीला'.

सातवीत खेळ थांबतो, कारण पाळी येते, छाती येते आणि गावाचे डोळे येतात. त्यानंतर खेळाला एकच दार उघडं राहतं. पंचमी, मंगळागौर, हादगा. झिम्मा, फुगड्या, पिंगा. हे खेळ कमी दमछाक करणारे नाहीत, रात्र-रात्र चालतात. म्हणजे बायकांच्या अंगात खेळ नव्हता असं नाहीच. पण तो वर्षातून ठरलेल्या दिवशी, आणि बहुधा माहेरी. सासुरवाशीण माहेरी आली की खेळणार, सासरी गेली की खेळ संपला. खेळणं म्हणजे माहेरपण, चार दिवसांचं.

बुधवारच्या सतरंजीवरच्या बायकांपैकी एक जण एकदा उठली. म्हणाली, 'मी शाळेत असताना खो-खोत बसायचे नाही, पळायचे.' पदर खोचला आणि उतरली. मग दुसरी. आज आमच्याकडे शुक्रवारी शेवटची वीस मिनिटं आयांची असतात. पडतात, हसतात, गुडघे धरून बसतात. आईला खेळताना बघितलेल्या मुलीला 'खेळून काय मिळणार?' असं विचारणं जड जातं, हा अनुभव आहे.

२०२५ च्या पंचमीला आमची डावा कोपरा माहेरी आली होती. कडेवर दीड वर्षाचं पोर. मैदानाच्या कडेला उभी राहून बघत होती. मी जवळ गेले. सहा वर्षांत पहिल्यांदा बोलत होतो. मला वाटलं, ती काही जुनं बोलेल. ती म्हणाली, 'ताई, मला अजून घ्याल का?'

आणि माझ्याकडे पटकन उत्तर नव्हतं. आमच्या प्रकल्पात वयोगट लिहिलेला होता, दहा ते अठरा. आम्हाला पैसे 'किशोरींसाठी' मिळत होते. अठरा झाली की मुलगी आमच्या कागदावरून जात होती, जशी लग्न झालं की माहेरच्या रेशनकार्डावरून जाते. लग्न अठरापर्यंत थांबवलं की आपलं काम झालं, असं मीही धरून चालले होते.

त्या दिवशी तिचं पोर सतरंजीवर गेलं आणि ती कोपऱ्यात उभी राहिली. दम लागत होता. दोनदा हातातून घोटा सुटला. तिसऱ्यांदा सुटला नाही. चार दिवसांनी ती सासरी गेली. तिच्या सासरच्या गावात मुलींचा संघ नाही, बायकांचा तर नाहीच. आम्ही वयाची अट काढली आहे. देणगीदारांना पत्र लिहिलं आहे. पण ती अट आमच्या गावातून गेली, तिच्या गावातून नाही.

२०२५ च्या जानेवारीत पुण्याच्या प्रियांका इंगळेच्या नेतृत्वाखाली भारताच्या मुलींनी खो-खोचा पहिला विश्वचषक जिंकला. नोव्हेंबरात नवी मुंबईत क्रिकेटचा विश्वचषक जिंकला. आपण सगळ्यांनी पेढे वाटले, वाटलेच पाहिजेत. पण त्या पेढ्यांबरोबर आपण गावी परत जाऊ, तेव्हा 'आपल्यातून अशी एक कशी घडेल?' एवढंच विचारायला नको. संध्याकाळी साडेपाचला आपल्या गावच्या मैदानावर किती मुली आहेत, किती बाया आहेत, ते मोजायला हवं.

म्हणून माझी एकच विनंती. इथून गेल्यावर पहिल्या आठवड्यात एक संध्याकाळ काढा. मैदानावर जा आणि मोजा. मग महिला सभेच्या पुढच्या विषयपत्रिकेवर मैदानाच्या वेळा लिहून घ्या. संडासाची किल्ली कुणाकडे आहे ते विचारा. आणि इथल्या कुणाचं गाव फलटण-खटावच्या बाजूला असेल, तर जेवणाच्या सुटीत मला भेटा. आमची डावा कोपरा त्या बाजूला नांदते आहे. तिला सहाजणी हव्या आहेत.